कुर्लीने लांबवलेलं ऑपरेशन

इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलीत, तर सर्वांत बिकट प्रसंग कोणता, असं मला पुष्कळ जण विचारतात. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर रक्त, गेलेली वीज, निसटलेले टाके असलं काहीतरी ऐकायची तयारी दिसत असते. मी सांगते, कुर्ल्या, म्हणजे खेकडे. मग समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आज एकदाच लिहून टाकते म्हणजे माझा घसा तरी वाचेल.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात मी थिएटर सिस्टर होते. वाढले वरळीच्या बीडीडी चाळीत. वडील गिरणीत, आणि मुलीनं शिकलंच पाहिजे या एका गोष्टीवर घरात कुणाचं काही चालू न देणारे. वॉर्डातल्या बायका पहिल्याच दिवशी आडनाव विचारत. मी ‘सिस्टर’ एवढंच सांगे. आडनावामागचं जे त्यांना हवं असे, ते मला द्यायचं नसे. आजारी माणूस दोन दिवसांत आडनाव विसरतो आणि पाणी मागायला लागतो, हा माझा अनुभव.

थिएटर सिस्टर म्हणजे सर्जनने हात पुढे केला की त्यात कात्री ठेवणारी बाई, असं लोकांना वाटतं. ते दिसायचं काम. न दिसणारं काम धुण्याचं, उकळण्याचं आणि ठिगळं लावण्याचं. हो, ठिगळंच. आता हातमोजे एकदा वापरून फेकतात. तेव्हा रबरी हातमोजा धुवायचा, पाणी भरून कुठे गळतो का बघायचं, गळला तर जुन्या मोज्याचा तुकडा कापून सायकलच्या ट्यूबसारखं पंक्चर काढायचं, वाळवायचा, पावडर मारायची आणि वाफेत ठेवायचा. आमच्या सरांच्या उजव्या मोज्याच्या पहिल्या बोटाला, म्हणजे तर्जनीला, मात्र ठिगळ चालत नसे. ते बोट नवंच लागे, कारण ते बोट हृदयात जायचं.

हे जरा समजावून सांगते. लहानपणी सांधे धरून ताप येतो, पोर बरं होतं, सगळे विसरतात. पण तो ताप जाता जाता हृदयातली एक झडप चिकटवून जातो. दोन बोटं आरामात जावीत एवढं दार असतं, त्याचं शर्टाच्या काजाएवढं होतं. रक्त पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसांत साचतं आणि विशीतली बाई चार पावलांत धापा टाकते. त्यावर तेव्हा नवा इलाज आला होता. डावीकडून छाती उघडायची, हृदयाच्या एका कोपऱ्याला छोटीशी चीर द्यायची, चालत्या हृदयात उजव्या हाताचं पहिलं बोट घालायचं आणि चिकटलेली झडप बोटानेच सोडवायची. हृदय थांबवायचं यंत्र नाही, आत काय चाललंय ते दिसत नाही. बोटाला जे कळेल ते खरं. आमच्याकडे हे करू शकणारं बोट एकच होतं, आणि ते सरांच्या हाताला होतं.

सर गिरगावचे, विलायतेत शिकून आलेले. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. कात्री चुकीची दिली तर रागवायचे नाहीत, नुसते हात तसाच पुढे धरून उभे राहायचे. त्याचीच जास्त भीती वाटे. माणसात एकच दोष, किंवा गुण म्हणा. मासळीचं नाव काढलं की विलायत विरघळून जाई आणि मागे शुद्ध गिरगाव उरे.

आता शालन. लालबागच्या चाळीतली, विशी नुकतीच ओलांडलेली. नवरा गोविंद गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. घर तिसऱ्या मजल्यावर. लग्न होऊन आली तेव्हा कशीबशी चढायची, पुढे पुढे गोविंद तिला पाठकुळी घेऊन जिना चढे आणि चाळीतली पोरं मागून टाळ्या वाजवीत. शालनला लाज वाटे. गोविंदाला बहुधा आवडत असावं. तिला एक वाक्य एका दमात पुरं करता येत नसे. मूल होऊ द्यायचं तर आधी ऑपरेशन, नाहीतर बाळंतपणात दोघंही जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. शेजारणी सासूला सुचवीत, एवढा खटाटोप कशाला, झिलाचं दुसरं लग्न करून टाका. सासू म्हणजे आये, मूळची मालवणकडची, आवाज डिलाईल रोडपर्यंत जाईल असा. ती सुचवणारीला जिन्यापर्यंत पोचवून येई आणि तेवढ्या वाटेत तिच्या सात पिढ्यांची विचारपूस करी.

तीन आठवडे पलंगावर पडून, अळणी जेवून, सुया टोचून घेऊन शालनची छाती मोकळी झाली. तारीख ठरली. पावसाळ्याआधी उरकायला हवं होतं, कारण पावसात हे रोगी खोकतात, छाती पुन्हा भरते आणि मग टेबलावर घ्यायची सोय राहत नाही. एकदा हुकलं तर पुढचा पावसाळा ती काढेल की नाही याची खात्री सरांनाही नव्हती. हे शालनला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं.

तिने निरवानिरव करून टाकली होती. हसू नका, त्या काळी हृदयाचं ऑपरेशन म्हणजे माणूस गेल्यात जमा. नणंदेला नथ दिली. शेजारच्या कुसुमला हिरवं पातळ दिलं. सहा महिने अबोला धरलेल्या चुलतीशी गळ्यात गळा घालून रडणं झालं. गोविंदाने पुढे कुणाशी लग्न करायचं तेही तिने ठरवलं, कुसुमच्या मामेबहिणीशी, कारण ती भाकऱ्या पातळ करते. गोविंद वॉर्डाबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला चहा दिला तर म्हणाला, “सिस्टर, मला जाड भाकरीच आवडते हो.”

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी नेहमीप्रमाणे वॉर्डात गेले. उद्या टेबलावर जी येणार तिच्याशी आदल्या दिवशी चार शब्द बोलायचे, म्हणजे उद्या मास्कमागचे डोळे तरी तिला ओळखीचे वाटतात. सरांचा राउंड चालू होता. मेट्रनबाई सोबत होत्या. आणि तेवढ्यात आये आली, डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं गोणपाट.

“डाक्टरांनू, अवसेच्यो कुर्ल्यो आसत. भरलेल्यो. घराक व्हरा आणि खावा.”

भेट आणायची तर ऑपरेशन झाल्यावर, आधी नव्हे, असा रिवाज. पण आयेचं शास्त्र वेगळं होतं. जो हात आपल्या सुनेच्या काळजाला लागणार, त्या हाताने आधी आपल्या घरचं खाल्लेलं असावं. मग तो परका राहत नाही. त्यासाठी ती पहाटे माहीमच्या कोळीवाड्यात जाऊन निवडून कुर्ल्या घेऊन आली होती. कोळणीने रिवाजाप्रमाणे नांग्या मोडून द्यायला घेतल्या, तर आयेने हात धरला. देताना मोडकं देऊ नये, तेही असल्या कामाच्या आदल्या दिवशी! तिने नांग्या केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीने, बांधल्या होत्या. पण सोप तोवर सुकून सैल झालेला.

एरवी सरांनी ‘ठेवा तिकडे’ म्हटलं असतं. पण अवसेच्या कुर्ल्या! विलायत विरघळली. सरांनी गोणपाट उचललं, सर्वांत मोठीकडे प्रेमाने पाहिलं आणि कुर्ली भरलेली आहे की पोकळ ते बघायला पोटाखाली दाबून पाहिलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने.

सरांचा आवाज मोठा होऊ शकतो हे आम्हांला त्या दिवशी कळलं. पहिला शब्द ‘आई’ होता, पुढचे मी लिहीत नाही. कुर्ली सोडीना. सर हात झटकू लागले, कुर्ली हाताला धरून झोके घेऊ लागली. आयेने टोपली टाकून कुर्लीकडे झेप घेतली, आणि मग टोपलीतल्या बाकीच्या मंडळींनी वॉर्डात पांगापांग केली. मेट्रनबाई, ज्यांच्या चपलेचा आवाज आला की आया झाडू सावरून उभ्या राहत, त्या स्टुलावर चढल्या. आमच्या वॉर्डात हृदयरोग्यांना उठणं, ओरडणं, हसणं, उत्तेजित होणं सक्त मना होतं. सगळ्या जणी पलंगावर उभ्या राहून हसत होत्या. “त्या बघा पाच नंबरखाली!” “अगो, माझ्या चपलेत!” शालन हसून हसून निळी पडली, मी तिला प्राणवायू लावला, तर नळी नाकात घेऊन ती हसत राहिली. शेवटी आयेनेच कुर्लीच्या डोळ्यांवर पदर टाकून, खटकन नांगी मोडून सरांची सुटका केली. त्या हाताला बाकी सवय होती.

नंतर शांत झाल्यावर मी बोट पाहिलं. नखाच्या कडेला खोल खूण, नख काळंनिळं, पेर टच्च सुजलेलं. सर्जनच्या बोटाला जखम म्हणजे तो थिएटरात येऊ शकत नाही. जखमेतले जंतू रोग्याच्या छातीत जातात. सरांनी बोटाकडे पाहिलं, शालनच्या पलंगाकडे पाहिलं, आणि आवाज पुन्हा नेहमीएवढा करून म्हणाले, “सिस्टर, उद्याचं रद्द.”

ऑपरेशन लांबलं तर ते कसं निभवायचं, हे नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात नाही. मरायला तयार झालेल्या बाईला ‘आज नाही, नंतर या’ असं सांगायचं म्हणजे काय, ते मला त्या पंधरवड्यात कळलं. पहिले दोन दिवस तर लग्न मोडल्यासारखी पंचाईत. चाळीतून माणसं भेटीला येत आणि नुसती उभी राहत. जे बोलायचं ते सगळं आधीच बोलून झालेलं. चुलतीला प्रश्न पडला की अबोला परत धरायचा की कसं. कुसुम आली ती ते हिरवं पातळ नेसूनच. दारात आली, शालन जिवंत आहे हे ध्यानात आलं आणि तिथल्या तिथे गोरीमोरी झाली.

शालन म्हणाली, “ये गं. बरं दिसतं तुला... माझं पातळ. आता परत आणून दे... नाहीतर भाडं लावीन.”

वॉर्ड पुन्हा हसला. मीही हसले, पण मनात दचकले. पातळ परत मागितलं म्हणजे ते पुन्हा नेसायचं मनात आलं. पहिल्या वेळी ही पोर गाईसारखी टेबलाकडे निघाली होती. आता तिला जगायची हाव सुटली होती, आणि हाव सुटलेलं माणूस भितं. तिने नथही परत मागितली. कुसुमची मामेबहीण एकदा सहज बघायला आली तर तिच्या भाकऱ्यांबद्दल अशा काही खोचक चौकशा केल्या की ती पोरगी पुन्हा फिरकली नाही. गोविंदाची कळी खुलली. तो रोज पाळी संपली की यायचा आणि साच्यावरच्या गमती सांगायचा. मी त्याला बाहेर बोलावून दम भरायची की तिला हसवू नकोस, आणि आत येऊन मीच तिला मेट्रनबाई स्टुलावरून कशा उतरल्या ते करून दाखवायची.

आयेची मात्र दशा बघवत नव्हती. वॉर्डाच्या व्हरांड्यात बसून राहायची, डिलाईल रोडपर्यंत जाणारा आवाज व्हरांड्याबाहेर जाईना. “माझाच चुकला गो बाय. माझ्याच हातान झाला.” मी तिला समजावलं की अशा गोष्टी होतात. वास्तविक अशी गोष्ट जगाच्या पाठीवर कुठे झाली नसावी. मग एके दिवशी ती उठली ती कामालाच लागली. रोज सकाळी सरांच्या वाटेवर उभी. आधी विचारून झालं, “डावो हात चलाचो नाय?” सरांनी तिला गंभीरपणे सांगितलं की बाई, डाव्या हाताला त्या दाराची वाट सापडत नाही. मग हळदीचं पोटीस आलं. मग, नखाच्या कडेला नखुर्डं धरलं तेव्हा, लिंबू आलं. नखुर्ड्यावर लिंबू हा आपल्याकडचा घरचा इलाज सगळ्यांना माहीत आहे. लिंबाला भोक पाडायचं आणि बोटाला टोपीसारखं घालून बसायचं. सरांनी नम्रपणे नकार दिला. विलायती औषध चालू होतं.

दोन दिवसांनी मी काही विचारायला त्यांच्या खोलीत गेले, तर सर डाव्या हाताने वर्तमानपत्र वाचत होते आणि उजवा हात वर्तमानपत्राखाली. खोलीभर लिंबाचा वास.

“सिस्टर,” सर म्हणाले, “तुम्ही काही पाहिलेलं नाही.”

“नाही सर. फक्त बिया काढल्यात ना? टोचतात.”

“काढल्यात,” सर म्हणाले आणि अग्रलेखात शिरले.

सूज उतरली, जखम भरली, पण सर तारीख देईनात. मोजा चढत होता. रोज सकाळी मी पावडर मारून धरायची आणि ते बोट आत सरकवायचे. पण नुसतं मोज्यात गेलेलं बोट उपयोगाचं नव्हतं, त्याला कळायला हवं होतं. त्याची परीक्षा सरांची स्वतःची होती. टेबलावर एक लांब केस ठेवायचा, त्यावर पातळ कागद, आणि डोळे मिटून, मोज्यातल्या बोटाने केस कुठून कुठे गेलाय ते सांगायचं. केस मी शालनचाच आणायची. तिला वेणी घालताना मागून घेतला की ती विचारी, “सापडला का आज?” मी मान हलवी. वॉर्डातल्या सगळ्या बायका त्या बातमीसाठी थांबलेल्या असत. कुणीतरी तर माझा केस जाड आहे, तो घेऊन जा म्हणून सांगितलं; म्हणजे चक्क परीक्षेत कॉपी.

आणि एका सकाळी सरांचं बोट कागदावरून सरकलं, थांबलं, वळलं, पुन्हा वळलं. कागद उचलला तर केस अगदी तसाच वळलेला. मी टाळी वाजवली. थिएटरात टाळी वाजवायची नसते. सर म्हणाले, “शुक्रवार.”

शुक्रवारी बंद!

ते दिवसच तसे होते, छप्पन-सत्तावनचा सुमार. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा म्हणून अख्खं गिरणगाव रस्त्यावर होतं. गोळीबाराचे दिवसही मी त्याच थिएटरात पाहिले, पण त्याबद्दल लिहायला बसले तर हातून हसतं काही लिहून होणार नाही, म्हणून ते आज बाजूला ठेवते. बंद म्हणजे ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. मोटार निघाली तर काच शाबूत राहायची हमी नाही. आणि लालबागचा नाका ज्यांनी अडवायचा, त्यांत पहिला आमचा गोविंद! शालनची छाती तोवर मोकळी होती, पण आभाळ भरून यायला लागलं होतं आणि आदल्या दिवशी ती दोनदा खोकली होती. सोमवारपर्यंत थांबायची कुणाची छाती नव्हती.

गोविंदाने साच्यावरच्या पाच-सहा दोस्तांना घेतलं आणि सरांकडे निरोप धाडला, गाडी काढू नका, आम्ही आणतो. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. गोविंदाने सांगितलं आणि त्यातलं निम्मं सरांनी नाकारलं नाही. मंडळी गिरगावात हातगाडी घेऊन हजर. गाडीवर गादी. सर म्हणाले मी चालत येतो, गोविंद म्हणाला, “सर, आज तुमच्या अंगाला कुणाचा धक्काबी लागता कामा नये.” आयेने आपली लोकरीची टोपी दिली होती, ती सरांच्या उजव्या हाताला घातली आणि हात वर धरून बसायला सांगितलं. दर नाक्यावर पोरं आडवी येत. “ओ, बंद आहे, गाडी कुठं?” आणि गोविंद ओरडे, “अरे, डॉक्टरचं बोट चाललंय, हार्टाचं ऑपरेशन आहे, वाट सोडा!” भायखळ्याला एक मोर्चा समोरून आला. मोर्चातल्यांना गादीवर हात उंचावून बसलेला हा गृहस्थ कुणीतरी पुढारीच वाटला. त्यांनी जोरात घोषणा दिली, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र...” आणि सरांनी, विलायतेत शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या आमच्या सरांनी, टोपी घातलेला हात हलवून “झालाच पाहिजे!” म्हटलं. हे त्यांनी कधीच नाकारलं नाही. पुढे पोलिसांनी अडवलं, तेव्हा सरांनी टोपी काढून बोट दाखवलं. फौजदाराला काही कळलं नाही, पण बोटाकडे इतक्या काळजीने बघणारी सहा आडदांड माणसं पाहून त्याने जाऊ दिलं.

रुग्णालयाच्या फाटकातून हातगाडी आत येताना मात्र मी पाहिली. घामाघूम गोविंद दांड्याला, सर गादीवर, हात वर. मी हसू आवरत पुढे धावले आणि म्हटलं, “सर, घोटाळा झालाय.”

शालन उठत नव्हती. पलंगाच्या कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. मी, मेट्रनबाई, आये, सगळ्यांनी सांगून झालं होतं. तिचं एकच. “आज नको. सगळं बंद आहे ना? मग हेही... बंद.”

आये रडत होती. मलाही रडू येत होतं, हे कबूल करते. त्या वर्षी टेबलावरून परत न आलेल्याही होत्या. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही, पण एकही विसरलेली नाही. शालनला ‘काही होणार नाही’ असं सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

सर तसेच धुळीच्या कपड्यांनी वॉर्डात आले आणि तिच्या पलंगावर बसले. रोग्याच्या पलंगावर बसताना त्यांना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून हात तिच्यापुढे धरला. नख अजून अर्धं काळंच होतं. शालनने कठडा सोडला आणि ते बोट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, बाजारात भेंडी पाहावी तसं.

“हेच ना... आत जाणार?”

“हेच.”

“दुखतं अजून?”

“नाही आता.”

तिने दम घेतला. “सर, तुम्हांला... भीती वाटते का?”

मला वाटलं, आता ते ‘छे’ म्हणतील. सर म्हणाले, “वाटते गं. दर वेळी वाटते.”

शालनने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग पलंगाखाली पाय सोडले आणि म्हणाली, “मग चला. दोघं जाऊ.”

छाती उघडली तेव्हा हृदय माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. सरांनी चीर दिली, बोट आत घातलं आणि डोळे मिटले. त्या वेळी थिएटरात कुणी बोलत नाही. भूल देणारे डॉक्टर तेवढे नाडी सांगत. नाडी अडखळायला लागली. सरांच्या कपाळावरचा घाम मी टिपला, पुन्हा टिपला. डोळे मिटलेलेच. खांदा जरासा हलला, मनगट वळलं. नाडी लागेना झाली. मी हातात चिमटा धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, केस सापडला, दारही सापडेल, सापडेल. मग सर अगदी हळू म्हणाले, “सुटलं.” आणि पलीकडून भूल देणारे म्हणाले, “नाडी आली. चांगली आली.” सरांनी बोट काढून घेतलं, टाके घातले, आणि सगळं झाल्यावर भिंतीला टेकून लहान मुलासारखे हसत सुटले. आम्ही सगळेच हसत सुटलो. बाहेर व्हरांड्यात आयेने आमचं हसणं ऐकलं आणि निरोपाची वाट न बघता मोठ्याने देवाचं नाव घेतलं. ते कमी ऐकू येणाऱ्या मेट्रनबाईंनाही खालच्या मजल्यावर ऐकू गेलं.

शालन महिन्याभराने घरी गेली. नंतर काही काळ तपासायला यायची, मग येईनाशी झाली. बरं झालेलं माणूस इस्पितळाकडे फिरकत नाही आणि आमची त्याबद्दल तक्रारही नसते.

तिला मी पुन्हा पाहिलं ते वर्षा-दीड वर्षाने. परळच्या रस्त्याने बायकांचा मोठा मोर्चा चालला होता आणि आम्ही चार-पाच जणी फाटकाशी उभ्या राहून बघत होतो. पुढच्याच रांगेत शालन. हात उंचावून, गळ्याच्या शिरा ताणून, सबंध घोषणा एका दमात देत होती आणि मागच्या बायकांना हाताने भरभर पुढे बोलावत होती. पार पुढे निघून गेली, मला बघितलंही नाही. सगळ्या रांगा संपल्या, आणि त्यांच्या मागे बरीच मागे पडलेली आये आली, एका हाताने पदर सावरत, दुसरा हात कमरेवर ठेवून. फाटकासमोर ती थबकली, आणि पुढच्या गर्दीकडे बघून तिने तो जुना आवाज लावला.

“शालन! गो जरा थांब मगो, माका दम लागलो!”